जुलैतला कोट

माकोच्या शाळेत, दुसऱ्या तासाला,
मी अठरा मुलांना एका वहीची पानं वाटते.
झेरॉक्स. मूळ वही घरी आहे, कपाटात.
एका सुईणीचा हिशेब, साल एकोणीसशे शेहेचाळीस.

फळ्यावर मी रक्कम लिहीत नाही,
हात भरून येतो. तोंडानं म्हणते:
लक्ष, कोटी, अब्ज, खर्व, निखर्व,
विहिरीच्या पायऱ्या उतराव्यात तसं
महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य,
मग परार्ध. तिथे मोजणाराही दम खात असेल.
त्याच्या हजारपट, एवढ्याची एक नोट
त्या जुलैत लोकांच्या हातात होती.
एका अक्षरात बारा शून्यं दडवलेली.

"मग सगळे श्रीमंतच की," झेतेन्य म्हणतो.
वर्ग हसतो. मीही. हे दरवर्षीचं आहे.

वही अशी:
जानेवारी. मुलगा, साडेतीन किलो.
पेंगो मिळाले, दुपारच्या आत मीठ आणलं.
एप्रिल. जुळ्या मुली. रक्कम लिहून खोडलेली.
अंडी नऊ, एक फुटलेलं.
मे. मुलगी. कांद्याची माळ.
जून. मुलगा, निळा पडला होता, मग रडला.
चरबी, एक पळी.

बेंडेगूझ पान नाकाला लावतो.
"इथे डाग आहे. चरबीचा असेल का?
डागसुद्धा पुरावा धरायचा?"
धर, मी म्हणते,
आणि चलनवाढीची जी आकृती काढणार होते
ती खडूतच राहते.

बोरोका खिडकीशी उभी आहे.
तिनं पान उलटं करून काचेला टेकवलंय.
"मॅडम, मागच्या पानाची शाई यात उतरलीये.
अशी धरली की सुलट वाचता येते."
आणि ती वाचते, अडखळत, मोठ्यानं:
अठरा जुलै. मुलगी.
कोट, लोकरीचा, करडा, अस्तर धड.

ते पान मी दिलं नव्हतं.
तासाला चारच पानं पुरतात, असं
मी स्वतःला सांगितलं होतं.

"घेतला तिनं? बाळंतिणीचा कोट?"
"दिला असेल. आनंदानं."
"आनंदानं कोण कोट देतं?"
"जुलै आहे रे, कोटाचं काय काम?"
"तिलापण घर होतंच ना!"
बाकं सरकतात. कोणी मोबाइल बघत नाही.
सगळे शोधतायत एक क्रियापद,
आणि वहीत क्रियापद नाही.
घेतला, दिला, मागितला, ओढला,
काहीच नाही. कोट. पूर्णविराम.

मुलांनो, मला ते अस्तर ठाऊक आहे.
(हे मी म्हणत नाही. खडू पुसत राहते.)
सुईण माझ्या वडिलांची आत्या.
दहा वर्षांची असताना शाळेच्या नाटकात
मी त्याच कोटात पोस्टमन झाले होते,
बाह्या तीनदा दुमडून.
डाव्या खिशाची शिवण उसवलेली होती,
बोट आत गेलं की गार लागायचं.
टाळ्या पडल्या होत्या. आत्यानंही वाजवल्या,
मग घरी येऊन कोट स्वतः झटकला,
स्वतः घडी घातली,
दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.
का, ते मी विचारलं नाही.
पोरं विचारत नाहीत. म्हणजे मी विचारत नसे.

घंटा होते.
पाठ्यपुस्तकात एक ऑगस्टला फोरिंट येतो,
नवी नाणी, नवा भाव,
आणि धडा तिथे संपतो, खाली स्वाध्याय.

संध्याकाळी मी उत्तरपत्रिका तपासते.
प्रश्न चौथा: हा स्रोत काय सांगत नाही?
झेतेन्यनं सुईणीचं वय लिहिलंय,
बेंडेगूझनं फुटलेल्या अंड्याचं काय झालं ते.
बोरोकाचा एकच शब्द,
पेन्सिलीनं, कडेला:
डिसेंबर.

पाच गुणांचा प्रश्न आहे.
मी कपाट उघडून उभी आहे.