हिरवा त्रिकोण

वैजनाथ पुण्याला परत जाताना
दारापुढं लॉन लावून गेला.
सेलूत.
जिथं टँकर आला की आम्ही आधी घागरी मोजतो.
म्हणला, आई, हिरवं दिसलं की बरं वाटतं.
बरं वाटलं ते लव्हाळ्याला.
पंधरा दिवसांत त्यानं पोराच्या गवतातनं डोकी वर काढली,
पाठोपाठ केना, घोळ, दुधानी,
आणि भिंतीच्या कडेला, कुणी बोलावलं नसताना,
गाजरगवत.

भाचा मुंजाजी. मोंढ्यात त्याचं खताचं दुकान.
एक बाटली आणून ओट्यावर ठेवली, पैसे घेतले नाहीत.
"आत्या, पंपात टाका, दोन फेऱ्या मारा, आठ दिवसांत साफ.
हे बघा, हिरवा त्रिकोण. म्हणजे फार विषारी नाही."

मी त्रिकोण बघितला.
मग काबरी बघितली,
जी त्याच वेळी त्याच्या बुटाची लेस
गांडूळ समजून ओढत होती.
काबरीला त्रिकोण वाचता येत नाही.
लंगडीला नाही, तुरेवालीला नाही,
आणि तांबडा कोंबडा तर नुसताच ओरडतो,
अंगठाछाप.

तेवीस वर्षं मी अंगणवाडीत खिचडी शिजवली.
पोरं आधी तोंडात घालतात, मग विचारतात, हे काय.
कोंबड्या तेवढंही विचारत नाहीत.
पानावरचा थेंब, थेंबाखालची मुंगी,
मुंगीखालचा खडा,
सगळं पोटात.
आणि जे त्यांच्या पोटात, ते सकाळी माझ्या तळहातावर,
कोमट, थोडं ओलं,
लेकीच्या पोरीच्या ताटात जाणारं.

बाटली उंच फळीवर ठेवली. झाकण उघडलं नाही.

मग बसले खुरपं घेऊन.
घोळ नि केना मी उपटतच नाही,
ते त्यांचं काम. खुराड्याचं दार उघडलं की
आधी घोळ जातो.
गाजरगवत फुलायच्या आत, हाताला पिशवी बांधून,
नाहीतर रात्रभर मनगटं खाजवा.
फरशीच्या फटीत उकळतं पाणी,
पण आधी सगळी डालग्याखाली, मोजून,
आणि फरशी गार होईस्तोवर
कोंबड्याचं भाषण ऐकायचं.
राहिला लव्हाळा.
त्याची गाठ खाली, तिच्याखाली अजून गाठ,
सोयरिकीतल्या जुन्या भांडणासारखी.
लंगडी एका पायानं उकरते, मी दोन्ही हातांनी,
आणि तो दोघींकडं बघून परत उगवतो.

खुर्शीदबी भिंतीवरनं म्हणाली,
"काहून जीव काढायलीस? गवतच तर हाय."
म्हटलं, तेच तर. गवतच आहे.

महिन्यानं बाटली परत द्यायला गेले.
मुंजाजी हसला. "आत्या, लॉन राहिलं का?"
राहिलं थोडं. मधनं उकरलेलं,
मातीत लोळून लोळून केलेले खळगे,
फोटोत घेण्यासारखं नाही.
वैजनाथला मी व्हिडिओ कॉलवर आभाळ दाखवते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी
मुंजाजीची गाडी दाराशी.
उतरला, इकडंतिकडं बघितलं.
तिला सातवा लागलाय, म्हणाला.
गावरान अंडी मिळतील का? सात-आठ.
आणि मग, आवाज बारीक करून,
"आत्या, इथं काही फवारलं नाही ना?"

मी त्याला आत बोलावलं नाही.
अंगणातच उभा केला.
त्याच्या बुटाशी लव्हाळ्याचं कोवळं पातं,
सकाळीच वर आलेलं.
म्हटलं, हे काय, बघ की.

टोपलीत सहा होती.
सातव्यासाठी काबरी कोपऱ्यात बसली होती, डोळे मिटून.
त्याला म्हटलं, थांब जरा.
तो थांबला.