आडनावाच्या रकान्यात

समारंभाच्या आदल्या दिवशी मी फोन लावत बसते.
सत्तेचाळीस नावं, आणि प्रत्येकाला एकच विनंती:
तुमची आई हाक मारायची
तसं एकदा म्हणून दाखवा.

शेपर्टनच्या पालिकेत हे माझं काम नव्हे.
नियम एवढेच, की शपथेचे कागद दोन तऱ्हेचे ठेवावेत,
एक देवासकट, एक देवाविना,
आणि खुर्च्यांची एक ओळ जास्त मांडावी.

पण माझे आजोबा जाफेर
अल्बानियाच्या डोंगरातून इथे आले,
पीच डब्यात भरायच्या कारखान्यात लागले,
आणि मुकादमाने पहिल्याच पाळीला त्यांचं जेफ करून टाकलं.
एकतीस वर्षं जेफ.
निवृत्तीच्या घड्याळामागे कोरलेलं तेही जेफ.
थडग्यावर आम्ही जाफेर लिहिलं,
तर कारखान्यातले चार म्हातारे हातात फुलं घेऊन
दुपारभर जेफला शोधत फिरले.

किवूहून आलेला बाराका म्हणाला, बॅरी वाचा.
मी म्हटलं, का हो, छान आहे की नाव.
छान आहे, तो म्हणाला,
पण घरवाल्यांनी बाराकाला सहादा कळवतो म्हणून सांगितलं
आणि बॅरीला किल्ली दिली.
मग विचारलं त्याने, सहज,
तुमचं नाव काय म्हणालात?
लिंडा, मी म्हटलं.
(घरात लिंडिता.
लिंडा मुकादमाने केलेली नाही. माझी मीच.)

माहगुल फोनवर आली तेव्हा मागे पट्टा चालू होता,
नासपती घरंगळत होते.
तिला आडनाव नाही.
अमक्याची लेक, वरच्या ओढ्याकाठची,
एवढं पुरायचं तिच्या गावाला.
आमच्या संगणकाला पुरत नाही,
त्याने रिकाम्या रकान्यात
एक आडवी रेघ ओढून दिली.
ती रेघ पण वाचणार का, तिने विचारलं.
मी म्हटलं, रेघेला आवाज नसतो.
मग तेवढा वेळ गप्प राहा, ती म्हणाली,
आणि पट्ट्याकडे परत गेली.

गुरुवारी सभागृहात उकडत होतं.
व्हर्ना मावशी, योर्टा योर्टांची,
दरवेळी पहिल्यांदा तीच बोलते.
साठी उलटल्यावर वहीतून शिकलेल्या
स्वतःच्याच भाषेत सगळ्यांना या म्हणते.
तिच्या आजीचा याच शब्दांपायी शिधा तोडला होता.
माझ्या हातातली यादी ओढून बघत म्हणाली,
मी आहे का गं यात कुठे?

महापौर गळ्यातली साखळी सावरत उठले:
आपण सगळेच कुठून ना कुठून आलेले आहोत.
व्हर्ना मावशी छताकडे बघत राहिली.

मी बॅरी वाचलं.
सूट घातलेला एक माणूस उठला, मंचावर गेला.
दुसऱ्या ओळीतल्या त्याच्या आईने टाळी वाजवली नाही.
तिचा मुलगा अजून यायचा होता.

मग माहगुल.
आणि मी थांबले.
महापौरांना वाटलं, माझं पान हरवलं.
कुणीतरी खोकलं. पंखा एक फेरी कुरकुरला.
ती उठली, घाई न करता,
त्या गप्पपणातून चालत
ओढा ओलांडावा तशी परकर किंचित उचलून
मंचापर्यंत पोचली.
तिच्यामागे कोण कोण होतं ते मला दिसलं नाही.
रेघ जरा लांबली एवढं खरं.

नव्या नागरिकाला आम्ही बॉटलब्रशचं रोप देतो.
सोबत चिठ्ठी: पहिला उन्हाळा पाणी घाला,
पुढे त्याचं ते बघेल.

खुर्च्या उचलताना एक रोप उरलेलं दिसलं.
एखादं दगावलं तर म्हणून
आम्ही एक जास्तच मागवतो.
व्हर्ना मावशीने केकचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला,
हात झटकले,
रोप काखेत मारलं.
आमचंच झाड आहे, म्हणाली,
घरी नेते.