सारखं करते

चियातुरात मँगनीजची काळी धूळ
बर्फावरसुद्धा बसते.
त्या गावातल्या नुत्साला, अकरावं लागलं त्या दिवशी,
आत्यानं भुवयांवरून बोट फिरवत सांगितलं,
"बापाच्या भुवया, नाकही बापाचंच.
असू दे. डोकं आहे ना."

असू दे.
एवढ्याशा शब्दांनी किती जणींना
गणितं सोडवायला बसवलंय.

आणि त्याच टेबलापाशी, त्याच संध्याकाळी
चुलतबहीण सालोमेच्या ताटलीत
अक्रोड भरलेलं वांगं वाढताना तीच आत्या म्हणाली,
"तू कशाला पुस्तकात डोळे घालतेस गं,
असल्या डोळ्यांना कुणी पाढे विचारतं का?"
सालोमे हसली.
हसलं की डाव्या गालाला खळी पडते
हे तिला चौथ्या वर्षापासून पाठ.
पाढे एकोणतीसपर्यंत पाठ.
ते कुणी विचारले नाहीत.

कुताइसीच्या स्पर्धेला दोघी गेल्या.
गारठलेला हॉल, कोपऱ्यात एकच हीटर,
पंचवीस पट, पन्नास मुली.
त्या भाषेत वजिराला जवळजवळ वजीरच म्हणतात, लाझिएरी.
हत्तीचा तिथे रथ होतो,
आणि आपल्या उंटाचं चक्क कासव:
तिरकं निघालं की एका दमात पट ओलांडणारं कासव.
नावावर जाऊ नये, एवढं तरी
त्या चौसष्ट घरांत सगळ्यांना मान्य आहे.

पंच लामाराबाई उभ्या राहिल्या, नियम वाचले.
सोंगटीला हात लागला की तीच चालवायची.
घरात वाकडी बसली असेल, नीट करायची असेल,
तर आधी मोठ्यानं म्हणायचं, "सारखं करते."
न सांगता हात लावायचा नाही.
लाकडाच्या घोड्यालासुद्धा.

चौथ्या फेरीत बहिणी समोरासमोर आल्या.
तेविसाव्या चालीला सालोमेनं हत्ती देऊन टाकला.
फुकट. निदान दिसायला फुकट.
लामाराबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
नुत्साचे कान तापले, पटावर कुठेच
पाय ठेवायला जागा दिसेना.
मग पुढचं सगळं मोजता मोजता
सालोमेचीच वेळ संपली.
नुत्सा जिंकली. कशी, ते तिला माहीत होतं.

बक्षिसं सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानाकडून होती.
नुत्साला चषक.
फोटोवाला म्हणाला, "जरा वर धर बाळ,
अजून वर, नाकापर्यंत. हां, आता छान."
सालोमेला 'सर्वांत गोड खेळाडू',
गुलाबी रिबिनीचा डबा, सहा लिपस्टिक,
आणि "हरलीस म्हणून रडायचं नाही हं,
चेहरा सुजतो."
मग त्यानं दोन बोटांनी तिची हनुवटी धरली,
उचलली,
उजेडाकडे वळवली.

न सांगता.

लामाराबाई घड्याळं गोळा करत होत्या.
त्यांनी पाहिलं.
सत्तर वर्षांत त्यांनी हे पुष्कळदा पाहिलं होतं,
आणि घड्याळं मोजून पेटीत ठेवली.

परतीच्या मिनीबसमध्ये मागच्या सीटवर
गुडघ्यांवर तो डबा, डब्यावर खिशातला पट,
लोहचुंबकाचा, मोडक्या बिजागरीचा.
"तुझी चाल सुंदर होती," नुत्सा म्हणाली.
सालोमेनं नकळत पाय जवळ घेतले.
मुलीच्या चालीबद्दल कुणी बोललं की घेतात तसे.
"ती नाही गं. तेविसावी."

सालोमे बराच वेळ काही बोलली नाही.
रडून तिचा चेहरा खरंच सुजला होता,
आणि काळोखात कुणाला त्याचं काही नव्हतं.
मग तिनं डाव मांडायला घेतला.
पटातला एक हत्ती केव्हाच हरवलेला.
तिनं रिबीन सोडली, एक लिपस्टिक काढली,
त्या घरात उभी केली.
मोजली घरं.
आणि देऊन टाकली.

"आता खा," ती म्हणाली, "बघू काय होतं."

झेस्ताफोनी आलं, गेलं.
ड्रायव्हरनं दिवा घालवला, तर दोघी एकदम ओरडल्या.
एका वळणावर सगळ्या सोंगट्या कलंडल्या.
"सारखं करते," नुत्सा म्हणाली,
आणि हात तसाच हवेत धरून थांबली,
सालोमे हं म्हणेपर्यंत.