हॅगरबीचं इतिवृत्त

सभा संध्याकाळी सातला. हजर: एक्काहत्तर.
खुर्च्या साठ. उरलेले रेडिएटरला पाठ लावून.
मी ग्रामपरिषदेची कारकून, टेबलाच्या टोकाला.
लिहिते इंग्रजीत, ऐकते मराठीत.

विषय एकच: विमानतळावरची शर्यत.
विमानतळ नुसता म्हणायचा. युद्धात इथून बाँबर उडायचे,
आता भेगांतून गवत,
आणि महिन्यातले दोन रविवार
जुन्या गाड्या तिथे गोल गोल धावतात
एकमेकींच्या शेपट्या चावत.

डॉ. फ्रान्सेस ब्लँचर्ड उठल्या. हातात आलेख.
शाळेच्या कुंपणापाशी ब्याण्णव डेसिबल.
घरटी, दहा वर्षांपूर्वीच्या निम्मी.
त्यांनी पक्ष्याचं लॅटिन नाव घेतलं,
मला टिटवीच ऐकू आली.
ती रात्री ओरडली की आत्या अंधारात म्हणायची,
शुभ बोल गं.

गॅरेजवाल्या कीथ डॅनटनं आलेख आणला नव्हता.
हात आणले होते, धुऊनही काळे.
म्हणाला, शाळेनं काढलेली आठ पोरं माझ्याकडे येतात.
शनिवारी रात्री इंजिन उघडून बसतात.
करा शर्यत बंद. मग शनिवारी रात्री
ती कुठं असतील
तेही मोजा तुमच्या यंत्रानं.

मागून टाळी, तिच्यावर हुर्यो.
धूर, पेट्रोल, पृथ्वीचा ताप,
नातवंडांना काय सांगणार,
घरांच्या किमती (हे जरा हळू),
आणि ऑगस्टमध्ये एक टायर सुटून
कुंपणापार गेला, कुणाला लागला नाही,
पण लागला असता.
‘लागला असता’ कसं नोंदवायचं
याचा मी थोडा वेळ विचार केला.

मग माना वळल्या मिसेस ऑडलिंगकडे.
वय ब्याण्णव. डेसिबलइतकंच.
धावपट्टीला सगळ्यांत जवळचं घर त्यांचं,
दोन्ही बाजू त्यांना आपलीच समजून बसलेल्या.
म्हणाल्या, कानातलं यंत्र काढलं
की मला काहीच येत नाही. किटली नाही, चर्चची घंटा नाही.
तेवढं येतं. जमिनीतून, खुर्चीच्या पायांतून, इथं,
आणि हात ठेवला गुडघ्यावर.
आवडतं असं नाही म्हणत मी.
रविवार आहे हे कळतं, इतकंच.

कुणी टाळी वाजवली नाही.
चहाचं भांडं तेवढं खदखदत राहिलं.
मी लिहिलं: मिसेस ऑडलिंग यांनी मत मांडले.

कारकुनानं बोलायचं नसतं.
विचारलं असतं तर सांगितलं असतं,
आमच्या अण्णांची खिलारी जोडी होती,
आणि शर्यतबंदीच्या अर्जावर माझी सही होती,
कॉलेजातली, निळ्या शाईतली, पूर्ण नावानिशी.
मधलं नाव त्यांचंच.
बैलांच्या शेपट्या पिरगाळताना मी पाहिल्या होत्या.
ते खोटं नव्हतं.
बंदीनंतरच्या जत्रेत घाटाच्या टोकाला
अण्णा उभे होते, हातात स्टॉपवॉच, समोर कुणी नाही.
बराच वेळ उभे होते.

निर्णय: पुढील बैठकीपर्यंत तहकूब.

बाहेर पाऊस, आणि डॉ. ब्लँचर्डची गाडी सुरू होईना.
कीथच्या आठांतला एक, कॅलम,
बॉनेटखाली शिरला, तोंडात टॉर्च.
त्याच्यावर छत्री धरून त्या उभ्या.
गाडी घरघरली तेव्हा म्हणाल्या,
थँक यू. मी तरीही विरोधातच आहे.
तो म्हणाला, माहितेय. बॅटरी बदला.

मी दिवे घालवले, किल्ली फिरवली.
काळोखात धावपट्टीच्या बाजूला
टिटवी ओरडली, दोनदा.
तोंडातून सवयीनं निघालं, शुभ बोल गं.
मग पायरीवर वही उघडली,
फोनच्या उजेडात पहिली ओळ खोडली.

हजर: बहात्तर.