चार बोटं काच

मच्छेच्या फाट्यावर पुढचा टेम्पो थांबला,
न सांगता.
चिरमुरी तेव्हा पुन्नाप्पाच्या मांडीवर,
नाक डॅशबोर्डला लावून, जशी गाडी तीच हाकतेय.
मांडीला कडी नसते.
खालच्या ओठाला पाच टाके, एक सुळा गेला,
आणि पुन्नाप्पा दोन दिवस जेवला तो मान वर न करता.

आता टाके काढायला पुन्हा बेळगाव. तोच रस्ता.
आठ दिवस खानापुरात एवढंच विचारत हिंडले:
कुत्रं गाडीतून न्यावं कसं?

भरमाण्णा म्हणाला, डिकीत घाल, वर पोतं टाक,
मी शेळ्या नेतोच की बाजाराला.
शेळी परत आणायची नसते,
हे तो बोलला नाही.

कुणी म्हणालं, गळपट्टा बांध सीटच्या दांडीला.
बांधला, उभ्या गाडीत,
आणि एक हिसका देऊन बघितला, हळूच.
चिरमुरीनं माझ्याकडं पाहिलं.
लगेच सोडला.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, पिंजरा सगळ्यात बरा,
पण सीटला जखडलेला हवा.
नुसता ठेवलेला पिंजरा म्हणजे दगडच, कुत्र्यासकट.
पुठ्ठ्याचं माप कापून मागच्या दारातून घालून पाहिलं.
तीन बोटं अडलं.
गाडी माझी, सातव्या हाताची. तिला काय बोलणार.

मग ओमाण्णा जिनगार.
बापानं टांग्याच्या घोड्यांचे साज शिवले,
हा शाळेच्या दप्तरांना चेन बसवतो.
त्यानं तिच्या छातीचं माप सुतळीनं घेतलं, गाठ मारली,
"ओढ छातीवर यायला पाहिजे गे, गळ्यावर नाही.
घोड्याला कळतं ते. माणसाला सांगावं लागतं."
मी भंगारातून काढलेला सीटचा पट्टा पुढं केला,
त्यानं तो बाजूला सारला:
"एकदा ताणलेला पट्टा परत भरवशाचा नसतो. नवा आण."
बगलेत टोचू नये म्हणून आतून घोंगडीचा तुकडा लावला
आणि त्या तुकड्याचे पैसे घेतले नाहीत.

रोज संध्याकाळी दारातल्या बंद गाडीत तालीम.
अंगात पट्टा, सीटच्या खाचेत कडी, तोंडात चार चिरमुरे.
ती "बस" ऐकत नाही, "कुंद्रु" ऐकते;
लोंढ्याच्या हमालांनी वाढवलेली, भाषा आम्ही बदलली नाही.
तिसऱ्या दिवशी ती आपणहून चढली
आणि समोरच्या गिरणीकडं बघत बसून राहिली,
तिकीट काढल्यासारखी.

सकाळी निघालो. पोट रिकामं ठेवलं, तिचं.
कडी लावली, ओढून पाहिली, परत ओढून पाहिली.
पुन्नाप्पा मागे तिच्याशेजारी.
काच चार बोटं, जास्त नाही,
डोकं बाहेर काढायची तिची फार इच्छा,
पण वाळूचे ट्रक जातात, डोळा म्हणजे डोळा.

प्रभुनगरच्या अलीकडं म्हशी.
ब्रेक.
मागे पट्टा ताणल्याचा आवाज, कोरडा.
ती पुढं सरकली, थांबली, परत बसली,
जरा रागावून.
आणि मी छातीनं स्टिअरिंगवर.
माझा पट्टा दाराशेजारी लोंबत होता,
घरातून निघाल्यापासून तसाच.

पुन्नाप्पा काही बोलला नाही.
मागून हात लांबवला, पट्टा ओढला,
त्याचं टोक माझ्या मुठीत दिलं
आणि वाट बघत राहिला
कट् होईपर्यंत.

म्हशी एकेक करून गेल्या,
शेवटची मधोमध थांबली, शेण टाकलं, मग गेली.
हॉर्न वाजवला नाही.
आरशात बघितलं:
चार बोटांच्या फटीतून ओलं नाक तेवढं बाहेर,
टाक्यांसकट,
पिरनवाडीपर्यंत येणारं सगळं हुंगत.