अकरा मिनिटं जास्त

मनामात, जुन्या बाजारामागे,
पाचव्या मजल्यावर मी राणीचा चेहरा घडवतो.
चेहरा म्हणजे अर्धाच. वरच्या अर्ध्यावर पट्टी.

मुंबईहून आलेल्या यादीत लिहिलंय :
डोळे करू नयेत, तेवढाच खर्च वाचेल.
पण डोळ्यांशिवाय कापड आत बसतं,
वाळूत खड्डा पडावा तसं,
आणि राणी मेलेली दिसते.
म्हणून बुबुळं बसवली, पापण्या बसवल्या,
एकेका पापणीला एकशे चाळीस केस,
आणि मग हात थांबला :
हिचे डोळे आत उघडे की मिटलेले?

ग्रंथात शोधलं. ग्रंथ गप्प.
पट्टी बांधली एवढं सांगतो, पुढचं तिच्यावर सोडतो.
शेजारच्या टेबलावरून नदा विचारते,
कुणी सांगितलं हिला बांधायला?
कुणीच नाही.
नवऱ्याने?
त्याला तर ती पट्टी दिसलीही नसेल.
नदा मुहर्रकची. तिच्या खापरपणजोबाची नजर
मोत्यांसाठी बुड्या मारता मारता गेली.
ती एवढंच म्हणते,
आमच्याकडे डोळे समुद्र घ्यायचा. आपणहून कुणी द्यायचं नाही.

खिडकीबाहेर चव्वेचाळीस अंश आणि धूळ.
आत अठरा. आमच्यासाठी नव्हे, यंत्रांसाठी.

माझे बाबा हिद्दच्या गोदीत वेल्डर होते, बावीस वर्षं.
ठिणगीचं काही नाही रे, उजेडच चावतो, म्हणायचे.
रात्री कँपात डोळ्यांत रेती भरल्यासारखी,
मग बटाट्याच्या चकत्या, त्यावर लुंगीची चिंधी,
आणि सहा जणांच्या खोलीत
एक माणूस भिंतीला टेकून ताठ बसलेला.
लहानपणी मी विचारलं होतं, झोप लागायची?
कसली झोप.
पट्टीखाली डोळे उघडेच ठेवायचो.
मिटले की तोच उजेड परत दिसायचा.
उघडे असले की निदान काळोख.

आता शॉट एकशे बारा.
युद्ध संपलंय. जिंकलेला राजा तिच्यापुढे वाकतो.
शंभर गेलेल्यांची आई मान खाली घालते,
पट्टीच्या कडेखालून नजर निसटते, बोटभर,
त्याच्या पायांवर पडते
आणि नखं काळी पडतात.
चौपन्न फ्रेम. सव्वादोन सेकंद. मुळापासून टोकाकडे.
मी शाई लावून पाहिली, मग कोळसा, मग डांबर.
काहीच नखासारखं काळं होईना.

रात्री हर्णैला फोन लावला.
बाबा, जरा पाय दाखवा.
का, ते त्यांनी विचारलं नाही.
आईला हाक मारली, धर गो हा फोन,
आणि बाकावर बसून पाय वर घेतला.
उजवा अंगठा. एक्क्याण्णव साली त्यावर पत्रा पडला,
तेव्हापासून ते नख एकदाही उजळ उगवलं नाही.
कडेला तपकिरी, मध्ये जांभळं, टोकाशी पिवळट धूर.
अजून जवळ?
अजून जवळ.
मागे आई हसत होती, बल्ब हलत होता.

तो अंगठा आठवडाभर राजाचा होता.
मग मुंबईहून शेरा आला :
नखं फारच खरी वाटतात, प्रेक्षक बिचकतील.
थोडी सुंदर करता येतील का?
केली. पोट आहे.
जांभळं काढलं, धूर पुसला, वरून तकाकी दिली.
बाबा बघतील तर म्हणतील, हा कुणाचा पाय?

राणीला मात्र मी हात लावू दिलेला नाही.
ती जिथे जिथे आहे, दरबारात, चितांमध्ये, अरण्यवाटेवर,
पट्टीखाली तिचे डोळे उघडे आहेत.
थोडे ओले. अधूनमधून पापणी लवते
आणि कापडाला आतून घासते.
पडद्यावर कुणाला हे दिसायचं नाही.
फक्त यंत्राला दर फ्रेममागे अकरा मिनिटं जास्त लागतात,
आणि महिनाअखेरच्या तक्त्यात
त्या अकरा मिनिटांपुढे, कारणाच्या रकान्यात,
नदाने लिहिलंय : कापड.