डावा मॅग्नेटो

जुहूच्या धावपट्टीपाशी सकाळी सहाला
विमानाच्या पत्र्यावर दव असतं, दवात मीठ.
बोट फिरवून जिभेला लावलं की कळतं.
बस्त्यावकाका म्हणतात, आधी हे चाख,
मग पान्याला हात लाव.

किल्ली दोन्हीवर: सतराशे फेरे,
जात्यातून पीठ पडावं तसा आवाज.
उजव्यावर: साठेक फेरे उतरले. चालतं.
डाव्यावर: दोनशे दहा.
आणि सगळा पत्रा
अंगात आल्यासारखा घुमायला लागला.

शिकाऊ विजयकर आत बसूनच म्हणाला,
थोडंसंच थरथरतंय, काका,
मला आज दीड तास भरायचाय.
काकांनी आत हात घालून इंजिन मारलं,
किल्ली खिशात टाकली,
आणि बडीशेप खात उभे राहिले.

इंजिन निवू दिलं.
मग पुन्हा चालू, फक्त डाव्यावर, अर्धा मिनिट.
बंद. झाकण उघड, वैती, लवकर!
मी पाण्याच्या बाटलीत बोटं बुडवून
चारी धुराड्यांवर शिंपडलं,
भाकरीआधी आई तव्यावर शिंपडते तसं.
पहिलं: चर्र. दुसरं: चर्र. चौथं: चर्र.
तिसऱ्यावर थेंब नुसता बसून राहिला,
परक्याच्या ओट्यावर बसल्यासारखा.

तिसऱ्याचा खालचा प्लग काढला.
टोकाला थोडं तेल, थोडं शिसं. मला वाटलं, सापडला चोर.
काका म्हणाले, वाटणं बाजूला ठेव.
तो पहिल्याला लाव, पहिल्याचा इथे.
दुखणं प्लगबरोबर जातं
की जागेवरच राहतं, ते बघ.

जागेवरच राहिलं.

माझ्या बाबांच्या बोटीला ठिणगी लागत नाही.
डिझेल दाबाखाली आपोआप पेटतं,
आमच्या घरातल्या माणसांसारखं.
इथे मात्र ठिणगी कुठे हरवते ते शोधत
तारेवरून बोट नेत नेत जावं लागतं,
क्लॅम्पखाली, वळणामागे,
तळहात काळा होईपर्यंत.

तारेच्या अगदी टोकाशी एक पांढरी नळी.
भिंग धरलं. तिच्यावर
केसाएवढी काळी रेघ.
ओल आत शिरली होती, मीठ घेऊन,
आणि ठिणगीला प्लगच्या फटीतून उडी मारण्यापेक्षा
ही वाट सोपी वाटली.
रोज थोडी थोडी जाऊन
तिनं पायवाट पाडली होती.

तिला बोल लावू नकोस, काका म्हणाले.
मी नवी तार आणायला गेले.

दुपारी जोडणी झाल्यावर
मी पंखा हातानं जरा बाजूला करायला गेले
तेव्हा ते ओरडले. आजवर एकदाच ओरडलेत.
मग डावा हात माझ्यापुढे धरला.
साडेतीन बोटं.
मी दोन वर्षं बघत होते, विचारलं नव्हतं.

मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, पोरी.
फिरवला की पेटला.
त्याला निजवायचं तर तार तोडत नाहीत,
जोडतात, इंजिनाच्या अंगाशी, जमिनीशी.
ती एक बारीक तार तुटली
तर किल्ली सांगते बंद,
आणि हा आत डोळे उघडे ठेवून पडलेला.
किल्लीवर मी विश्वास ठेवला.
पंखा फक्त बाजूला करायचा होता.

एवढं बोलून पुन्हा बडीशेप.

संध्याकाळी पाचला पुन्हा चाचणी.
उजव्यावर साठ, डाव्यावर सत्तर.
हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं, समुद्राकडे वळलं.
विजयकरनं हसून अंगठा दाखवला.

आता शेवटचं, काका म्हणाले.
फेरे अगदी खाली आणले,
किल्ली क्षणभर बंदवर नेली.
आवाज बुडाला.
मी तो बुडताना ऐकला, नीट, शेवटपर्यंत,
आणि त्यांनी किल्ली परत फिरवायच्या आत
माझे दोन्ही हात मी पाठीमागे धरलेले होते.

वहीत सही त्यांची.
खाली, बारीक अक्षरात, मदतनीस म्हणून मी.